गेमची करप्ट फाइल 'रिपेअर' करून देतो म्हणत ४,८४९ रुपये उकळले

माझ्या मुलाने माइनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या गेममध्ये रायगड बांधला होता. महादरवाजा, बाजारपेठ, होळीचा माळ, सगळं. मॉड (गेमला वरून जोडलेले प्रोग्रॅम) टाकलेलं जग, म्हणजे त्याचा सेव्ह केलेला खेळ. खेळ चालू असतानाच लाइट गेली. नंतर जग उघडायला गेलं की लोड होता होता क्रॅश. पोरगं जेवेना.

'काम झाल्यावरच पैसे' म्हणणारा एक जण ऑनलाइन भेटला. तपासणीचे ४९९ मात्र आधी. मग जगाचं अख्खं फोल्डर झिप करून मागवलं आणि 'रीजन फाइल रीबिल्ड'चे, म्हणजे जगाची जमीन साठवणाऱ्या फाइल दुरुस्त करायचे, १,८५० सांगितले. पुरावा द्या म्हटल्यावर फोटो आला: 'जग उघडलं, बघा.' महादरवाजाचा बुरूज दिसत होता, पण सगळा फुटलेला, नुसते चौकोन. इतकं अस्पष्ट का, विचारलं. 'पाठवताना क्वालिटी जाते, मॅडम.'

तो फोटो आमच्याच फोल्डरमधला होता! अशा जगाच्या फोल्डरमध्ये आयकॉन.पीएनजी नावाचं ६४ बाय ६४ पिक्सेलचं चित्र असतं. तेच ताणून त्याने मोठं केलं. ती फाइल आमच्या डेस्कटॉपवर डोळ्यांसमोर पडलेली होती, एकदा उघडून बघितली असती तर! आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण मी गेम खेळत नाही, मला हे कुठून कळणार? आणि मुलाने ओळखलेला बुरूज त्याचाच होता, मग शंका कुणाची घ्यायची?

१,८५० दिले. वर 'सर्व्हर शुल्क, परत मिळेल' म्हणून २,५००. मग पासवर्डवाली झिप आली आणि 'अँटीव्हायरस बंद करून चालवा' अशी सूचना. तिथे मी नकार दिला, त्याने ब्लॉक केलं. असल्या झिपला पासवर्ड बहुधा एवढ्यासाठी असतो की अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये. असली फाइल चालवू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या मंजुरीने झाला. पोलीस ठाण्यात आधी तासभर बसवून ठेवलं, मग साहेब विचारतात, 'खेळासाठी पाच हजार दिलेत?' रक्कम छोटी आहे, तक्रार ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकली तर ठाण्यात जा. म्हणजे दहा लाख गेल्याशिवाय ती चोरीच नाही का? चॅट, यूपीआय आयडी, व्यवहार क्रमांक सगळं छापून नेलं होतं, कुणी कागद हातात घेतला नाही. तुमच्यावर वेळ आली तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत.

जग मुलाच्या मित्राने उघडून दिलं, एमसीए सिलेक्टर नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये. लॉगवरून (गेम स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदी) बिघडलेला चंक, म्हणजे जमिनीचा तुकडा, शोधला, तेवढाच उडवला; गेमने ती जमीन नव्याने तयार केली. १६ बाय १६ ठोकळ्यांची जागा, बाजारपेठेतली काही दुकानं गेली, बाकी रायगड जसाच्या तसा. आधी मूळ फोल्डरची कॉपी काढून ठेवा, मगच हात लावा.

त्या माणसाचं खातं अजून चालू आहे. रिपोर्ट केल्यावर उत्तर आलं: नियमभंग आढळला नाही.