मंगळवार पेठेतील जुन्या पुस्तकांचे दुकान आणि सेंट्रल फिन्सबरीचा नकाशा

दादाभाई नौरोजी १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेवर अवघ्या पाच मतांनी निवडून आले, हे मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवले. परंतु तो मतदारसंघ लंडनमध्ये नेमका कोठे होता आणि पुढे त्याचे काय झाले, असे एका माजी विद्यार्थ्याने विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नापायी मी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतील एका बोळातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. मालकांनी ग्रंथाचे नाव विचारलेच नाही. "सर, साल सांगा, पुस्तक आपण हुडकू," एवढेच म्हणाले, आणि तीन आठवड्यांनी ब्रिटिश निवडणुकांचे निकाल व मतदारसंघांच्या हद्दी देणारा, पाठ निखळलेला जाडजूड इंग्रजी संदर्भग्रंथ त्यांनी समोर ठेवला. नव्या बांधणीसह किंमत ८५० रुपये. मला ती रास्त वाटली.

त्या पानांतून जे हाती आले ते मोलाचे आहे. १८३२ च्या सुधारणा कायद्याने फिन्सबरी हा दोन सदस्यांचा मतदारसंघ निर्माण झाला. १८८५ च्या फेरवाटणीत त्याचे होबर्न, मध्य (म्हणजेच सेंट्रल) आणि पूर्व असे तीन तुकडे झाले आणि प्रत्येकास एक जागा मिळाली. दादाभाई १८८६ मध्ये यांपैकी होबर्नमधून पडले होते. त्याच पराभवाचा संदर्भ घेऊन पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी १८८८ मध्ये एडिंबरो येथील भाषणात त्यांचा 'काळा माणूस' असा उल्लेख केला. पराभवानंतर सहा वर्षांनी दादाभाई जिंकले ते शेजारच्याच मध्य तुकड्यातून, म्हणजे घड्याळाच्या कारागिरांसाठी प्रसिद्ध असलेल्या क्लार्कनवेल भागातून, आणि तेही स्त्रियांना व अनेक गरीब पुरुषांना मताचा अधिकार नसताना. पाच मतांचा तो विजय समजून घ्यायचा तर १८८५ साली आखलेली ही हद्दीची रेघ डोळ्यांसमोर हवी, असे मला आता ठामपणे वाटते.

१८९५ मध्ये ही जागा हुजूर पक्षाकडे गेली आणि १९१८ च्या फेररचनेत सेंट्रल फिन्सबरी हा मतदारसंघच संपुष्टात आला. मात्र जागा गमावलेले दादाभाई हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगाचे सदस्य होते, आणि त्याच आयोगापुढे १८९७ मध्ये साक्ष द्यायला जे गोपाळ कृष्ण गोखले गेले, त्यांचे सुरुवातीचे शिक्षण कागल आणि कोल्हापुरात झाले होते. हा धागा आपल्या गावापर्यंत येतो, याचा मला मनापासून आनंद झाला.

आता नव्या बांधणीविषयीच्या माझ्या एका तक्रारीकडे येतो. जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्यांची शिलाई, भक्कम आहे, कापडी पाठ नीट बसली आहे, पुस्तक कोठेही उघडले तरी सपाट राहते. परंतु बाइंडरने कडा सारख्या करताना घडी घातलेला नकाशाही कापला आणि होबर्न व मध्य फिन्सबरी यांच्यामधील हद्दीचा पश्चिमेकडचा भाग त्यात गेला. ज्या रेघेसाठी ग्रंथ घेतला तीच अर्धी राहिली, याचे मला फार वाईट वाटले. मालकांनी सबबी न सांगता बांधणीचे २०० रुपये परत केले, आणि दुसऱ्या एका प्रतीतील तोच नकाशा मिळवून त्याची झेरॉक्स कापडावर चिकटवून दिली. ती छापील नकाशाइतकी स्पष्ट नाही, तरी हद्द वाचता येते.

दुकानात उजेड कमी आहे आणि पावसाळ्यात मागच्या खोलीतल्या पुस्तकांना ओल लागते, त्यामुळे घेण्यापूर्वी पाने उलटून पाहावीत. संदर्भग्रंथ शोधून देण्याच्या कामात मात्र शहरात मला याहून चांगला अनुभव आलेला नाही. नकाशे असलेले पुस्तक बांधायला देणार असाल, तर 'कडा कापू नयेत' असे पावतीवर लिहून घ्यावे.