बोक्याची लघवी तुंबली तर: पुण्यातल्या एका चोवीस तास पेट क्लिनिकचा खर्च आणि काम

इथली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे दाखल करण्याआधी खर्चाचा लेखी अंदाज हातात मिळतो. बोका सारखा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, ही खरी इमर्जन्सी; सकाळची वाट बघू नये, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. इथे आधी पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि ईसीजी बघतात, सलाईन लावतात, मगच भूल देऊन कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालतात. क्रम अगदी योग्य.

बिल फुगतं ते कॅथेटरमुळे नाही, पुढच्या दोन-तीन दिवसांच्या मुक्कामामुळे: सलाईन, दर काही तासांनी लघवीचं मोजमाप, पुन्हा रक्ततपासणी. पैसे वाचवायला बोका लवकर घरी नेला की पुन्हा तुंबण्याची भीती, आणि मग सगळा खर्च नव्याने. म्हणून अंदाजपत्रकात ‘पुन्हा तुंबल्यास’ ही ओळ लिहून मागा. ती आपणहून देत नाहीत, हे खटकतं. एक्स-रे टाळू नका, मूत्राशयात खडा असेल तर नुसत्या कॅथेटरने भागत नाही. दवाखान्याच्या उपचारसेवेवर जीएसटी माफ आहे. बिलात दिसला तर विचारा. डिस्चार्जच्या वेळी पथ्याचं खाणं लिहून घ्यायला विसरू नका, पुढचा महिनावारी खर्च तोच आहे.