पावसाळ्यात चिपळूण की महाड? पुराचा विचार करून ठरवायचं असेल तर

22 जुलै 2021 रोजी एकाच पावसाने चिपळूण आणि महाड ही दोन्ही शहरं बुडवली. तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात यायचं म्हटलं की लोक दोन्ही नावं एका दमात घेतात आणि दोन्हींवर फुली मारतात. मला हे पटत नाही. चिपळूणचा पूर पेठेत शिरतो, शहर ठप्प करतो. पण पाणी ओसरलं की पाहुण्याची वाट मोकळी होते. महाडमध्ये मात्र शहरातलं पाणी उतरलं तरी ज्या रायगडासाठी आपण जातो, तिथली अडचण पावसाळाभर संपत नाही.

पुराचं कारण दोन्हीकडे सारखंच आहे. महाडची सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. चिपळूणची वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरून दाभोळच्या खाडीत जाते. नद्या आखूड, उतार जोरदार, त्यामुळे घाटमाथ्यावर कोसळलेलं पाणी काही तासांत खाली येतं. आणि ही दोन्ही गावं नेमकी तिथे वसली आहेत, जिथे घाटाचं पाणी आणि भरतीचं पाणी एकमेकांना भिडतं. पूर्वी खाडीतून माल इथवर यायचा आणि पुढे बैलांवरून घाट चढायचा, म्हणून तर इथे पेठा उभ्या राहिल्या. आज तीच जागा नडते. वर मुसळधार आणि खाली उधाण एकत्र आलं की पाण्याला जायला वाट उरत नाही. 2021 च्या पुराच्या वेळी गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचेच दिवस.

म्हणून निघण्याआधी हवामानाच्या इशाऱ्याबरोबर तिथीही बघा. किनाऱ्यावरचा हिशोब सोपा आहे: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. खाडीतून वर गावापर्यंत पाणी चढायला त्यानंतर आणखी वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे रेड अलर्ट असेल तर दोन्हीकडचा बेत पुढे ढकला, यात दुमत नको.

चिपळूणची जमेची बाजू म्हणजे तिथलं बघण्यासारखं बरंचसं उंचावर आहे. परशुरामाचं देऊळ डोंगरावर, गोवळकोटचा गोविंदगड टेकडीवर. रेल्वे स्टेशन शहरालाच लागून आहे, त्यामुळे घाटात गाडी घालण्याची गरज नाही. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, तेवढं गृहीत धरा. जोरदार पुरात वाशिष्ठीचा रेल्वेपूल बंद ठेवावा लागतो, 2021 ला लागला होता. शिवाय कोयनेची वीज तयार झाल्यावरचं पाणी कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीतच येतं, त्यामुळे इथली नदी फक्त चिपळूणच्या पावसावर चढत-उतरत नाही. नदीत मगरी आहेत. पाणी कितीही शांत दिसलं तरी काठाशी पोरांना सोडू नका. आणि लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर चुकवू नका. 1864 पासूनचं हे ग्रंथालय पुराचे तडाखे सोसून उभं आहे, आणि माझ्या मते चिपळूण समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी.

महाडचं गणित अवघड आहे. शहरातलं चवदार तळं, जिथे 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला, ते पाणी ओसरल्यावर केव्हाही पाहता येतं. गांधारपाल्याची लेणी महामार्गालगतच आहेत, पण डोंगरात. तिथे पूर पोचत नाही, मात्र पायऱ्यांवर शेवाळ असतं. खरा प्रश्न रायगडाचा. जुलै 2024 मध्ये पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे उतरले, पर्यटक अडकले आणि गड काही काळ बंद करावा लागला. रोपवे आहे, पण वारा-पावसात तोही थांबतो. पुण्याहून वरंध घाट पावसाळ्यात बहुतेक बंदच असतो, मग ताम्हिणीचा वळसा. याच तालुक्यातलं तळिये गाव 2021 च्या त्याच दिवशी दरडीखाली गेलं. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन बस गेल्या. पूल नवा झाला आहे, रस्ताही सुधारला आहे. तरी डोंगर तेच आहेत. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन रायगड करायचा असेल तर दिवाळीनंतरच या. हवा स्वच्छ असते, गडावरून खोऱ्यातल्या नद्या दिसतात, आणि जगदीश्वराच्या देवळापाशी घाई न करता बसता येतं.

राजापूरही अनेकांच्या यादीत असतं. तिथे अर्जुना आणि कोदवली या नद्यांचं पाणी जवाहर चौकात येतं, बहुधा लवकर उतरतंही. धूतपापेश्वराचा धबधबा पावसातच बघावा. पण राजापूर रोड स्टेशन शहरापासून लांब आहे, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या.

पूर नुकताच येऊन गेला असेल तर पहिले काही दिवस कुठेच जाऊ नका. तेव्हा दुकानदार घमेल्याने चिकट गाळ उपसत असतात, भिजलेली कापडाची ठाणं आणि वह्यांचे गठ्ठे रस्त्यावर पडलेले असतात, नळाचं पाणी गढूळ असतं. अशा वेळी फोटो काढत फिरणारा पाहुणा त्यांना नको असतो. महिनाभराने मात्र जरूर जा. दुकानं पुन्हा भरलेली असतात, गिऱ्हाईक अजून परतलेलं नसतं. कोकम, काजू, पापड तिथल्याच पेठेतून घ्या.

तर श्रावणात सुट्टी असेल तर चिपळूण, रेल्वेने, तिथी बघून. रायगड नोव्हेंबरात, महाडला मुक्काम करून. खोली ठरवताना लॉजवाल्याला एवढं विचारा: 2021 ला पाणी कितव्या मजल्यापर्यंत होतं, आणि पावसात गाड्या कुठे लावता? दोन्ही शहरांत याचं उत्तर लगेच मिळतं.