माजी सैनिकाला छत हवंय: घरकुल की सैनिक कल्याण कार्यालय?

विदर्भातल्या गावात कुडाच्या भिंती अन् गळक्या कवेलूंखाली राहणारा माजी सैनिक दिसला की जीव तुटतो. त्यानं मदत मागायची कुठं?

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्यांनी थेट खात्यात येतात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार वेगळे. म्हणजे भिंती खरोखर उभ्या राहतात. पण 'ड' यादीत, म्हणजे घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत, नाव हवं, जागा हवी आणि घरात कुणाचीही महिन्याची कमाई १५ हजारांवर नको. पूर्ण पेन्शनवाले बहुतेक इथंच गळतात. जागाच नसेल तर पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला पैसे मिळतात. हे ग्रामसेवकाला आवर्जून विचारा, आपणहून कुणी सांगत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आयतं घर बांधून देत नाही. मात्र हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकाचा किंवा त्याच्या विधवेचा मासिक अनुदानाचा अर्ज इथूनच केंद्रीय सैनिक बोर्डाकडे जातो. सैन्यातून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक लागतंच. पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलेलं ते पुस्तक वाळवीनं खाल्लं असेल, तर आधी दुय्यम प्रतीच्या मागे लागा.

माझ्या मते पेन्शन नसलेल्यानं दोन्ही दारं एकाच आठवड्यात ठोठवावीत. पेन्शनवाल्यानं ग्रामपंचायतीत घरपट्टी माफीचा अर्ज तरी द्यावाच.