टाचेमागचं दुखणं आणि स्पोर्ट्स मसाज: काही महिन्यांनंतर

आधी निकाल सांगतो. मसाजने माझ्या पोटऱ्या मोकळ्या झाल्या, टाचेमागचं दुखणं गेलं ते व्यायामाने. तरीही मसाज चालू ठेवलाय.

मी नियमित धावतो. अकिलीस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी) दुखायला लागल्यावर सकाळची पहिली काही पावलं लंगडतच पडायची. थोडं चाललं की सैल व्हायचं आणि धावून आलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फिजिओने व्यायाम दिले आणि पोटऱ्या फार आखडल्यात म्हणून जोडीला स्पोर्ट्स मसाज सुचवला.

तेल लावून डुलकी काढायच्या बेताने जाऊ नका. आधी लांब, हलके हात फिरवून स्नायू सैल करतात, मग कणीक मळावी तसं मळतात आणि शेवटी अंगठा किंवा कोपर एकाच दुखऱ्या जागी रोवतात. दुखतंच. पण श्वास रोखून, दात आवळून सोसायची वेळ आली तर तिथेच थांबवा, कारण अंग आक्रसून धरलं की स्नायू सैल पडतच नाही. माझा थेरपिस्ट दर थोड्या वेळाने 'किती दुखतंय?' विचारायचा आणि टेंडनवर जोर न देता पोटरीवर काम करायचा. 'जितकं दुखेल तितका गुण' म्हणणाऱ्यांपासून मी लांबच राहीन.

मसाजनंतर घोटा जास्त वाकायचा, पायऱ्या उतरताना पाय हलके वाटायचे. हे साधारण एक-दोन दिवस टिकायचं, मग ओढ परत. पण तेवढ्या काळात टाचेचे व्यायाम नीट जमायचे आणि मला खरा उपयोग तिथेच झाला. टेंडनला हळूहळू वाढवत नेलेला भार लागतो. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची: 15-15 चे 3 सेट, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. ही 1998 मध्ये मांडलेली जुनी पद्धत, अतिशय कंटाळवाणी. मला याचाच गुण आला.

'मसाजने लॅक्टिक ॲसिड निघून जातं' हे अजूनही सर्रास सांगतात. व्यायाम करताना स्नायूंत तयार होणारं हे ॲसिड व्यायाम थांबल्यावर तासाभरात शरीर स्वतःच हटवतं. 2020 मध्ये स्पोर्ट्स मसाजवरच्या 29 अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला होता. त्यात वेग, ताकद किंवा दम वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, मात्र लवचिकता आणि व्यायामानंतरची अंगदुखी यांत थोडा फायदा दिसला. माझा अनुभव बरोब्बर तेवढाच आहे.

वेळेचं गणित मात्र सांभाळा. खोल दाबाचा मसाज घेतल्यावर दुसऱ्या दिवशी स्नायू हुळहुळतात, त्यामुळे शर्यतीच्या आदल्या दिवशी तो नको. मी जड सरावानंतर, पुढचा दिवस सुट्टीचा असेल तेव्हाच जातो.

ताज्या दुखापतीवर, म्हणजे सूज आणि काळंनिळं असताना, पहिले दोन-तीन दिवस त्या जागी मसाज नको. एकच पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी थेट डॉक्टरकडे जा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारायची वाट न बघता थेरपिस्टला आधीच सांगा.

पैसे मोजकेच असतील तर ते आधी फिजिओकडे खर्च करा. रोजच्या आखडलेपणासाठी मी हल्ली फोम रोलर (स्नायूखाली ठेवून फिरवायचा फोमचा गोल रूळ) वापरतो आणि सराव वाढला तरच थेरपिस्टची वेळ घेतो.