४० वॅटचा घरगुती सोलर संच: दिवे झकास, वायर बदलून घ्या

दोन खोल्यांच्या घराला परवडणाऱ्या संचांमध्ये हा आकार सगळ्यात कामाचा. ४० वॅटचं पॅनल, १२.८ व्होल्ट १२ एएचची (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, पॅनलची वीज बॅटरीत सोडणारा साध्या प्रकारचा (पीडब्ल्यूएम) कंट्रोलर, ३ वॅटचे तीन एलईडी दिवे, १२ वॅटचा डीसी पंखा, मोबाइलसाठी यूएसबी.

बॅटरीत साधारण १५० वॅट-तास मावतात, त्यातले १२० वापरावेत. तीन दिवे पाच तास म्हणजे ४५, पंखा पाच तास ६०, उरले त्यात एक मोबाइल. टीव्ही यात बसत नाही, विक्रेता काहीही सांगो. आणि ४० वॅट हा आकडा स्टिकरवरचा. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो, त्यामुळे पॅनलचे २.२ अँपिअर गुणिले बॅटरीचे १३ व्होल्ट, हाती २८-२९ वॅटच. कडक ऊन पाच तास मिळालं तर रोजचा खर्च जेमतेम भरून निघतो. ढगाळ दिवशी पंख्यावर पाणी सोडायचं.

दिव्यांबद्दल तक्रार नाही. रॉकेलच्या चिमणीशी तुलनाच नको.

घोळ आहे तो वायरीत. पॅनलसोबत येते ती १० मीटर, अर्धा स्क्वेअर एमएमची. जाऊन-येऊन २० मीटर झाली आणि भर उन्हात दीड व्होल्टहून जास्त तिथेच मुरले. पॅनल थंड असताना १८ व्होल्टला काम करतं, तापल्यावर १५ च्या आसपास. त्यातून वायरीचे वजा केले की उरतात साडेतेरा, अन् बॅटरी पूर्ण भरायला हवेत १४.४. म्हणजे ऐन दुपारी चार्जिंग रेंगाळतं, रात्री नऊला दिवे जातात आणि बोल लागतो बॅटरीला. दीड एमएमची तांब्याची वायर टाका. घट अर्ध्या व्होल्टवर येते.

फ्यूजही दिलेला नाही. बॅटरीच्या प्लसजवळच १० अँपिअरचा घाला. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवे, काढताना उलट. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार लिथियम निवडलाय ना, तेवढं बघा. पॅनलला निदान १५ अंश उतार हवा, नाहीतर पावसाने धूळ धुतली न जाता खालच्या कडेला चिखल साचतो. तिथल्या सेलवर सावली पडली की एकामागोमाग जोडलेल्या सेलची सगळी माळच मंदावते.

बॅटरी उतरली की कंट्रोलर दिवे बंद करतो. मग लोक बल्ब थेट बॅटरीला लावतात. शेवटी बॅटरीच्या आतला बीएमएस (तिला जपणारं सर्किट) वीज तोडतो, मीटर शून्य दाखवतो आणि बॅटरी भंगारात जाते. ती बहुतेक वेळा मेलेली नसते. दिवे काढून लिथियमचा चार्जर लावला की जागी होते.

खरी नाराजी प्लगवर. बॅटरीला कंपनीचाच खास प्लग आहे. पॅनल वीस वर्षं टिकेल, बॅटरी त्याआधी निदान दोनदा बदलावी लागेल, आणि तेव्हा बाजारातली साधी बॅटरी बसणार नाही. हप्त्यावर घेत असाल तर शेवटच्या हप्त्यानंतर कायमचा अनलॉक कोड (संचाचं कुलूप कायमचं उघडणारा आकडा) मिळणार, हे पावतीवर लिहून घ्या.