हलक्या विमानातले घसरणारे खांदापट्टे: नवे पट्टे बसवून काही महिने झाल्यावर

घाईत असलेल्यांसाठी निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. खांद्याचे पट्टे उडता उडता आपोआप सैल होत असतील, तर क्लिपा, रबर आणि वेल्क्रोवर पैसे घालवू नका. नवे पट्टे शिवून घ्या आणि त्यासोबत अ‍ॅडजस्टरही (पट्टा घट्ट-सैल करायची कडी) बदला. आम्ही तेच केलं. गेल्या उन्हाळ्यात काम झालं, आता पुढचा उन्हाळा तोंडावर आलाय, आणि पायलटच्या सीटवरची तक्रार संपली आहे. शेजारच्या सीटचं शेवटी सांगतो.

विमान दोन सीटचं, लो-विंग (पंख खालच्या बाजूला), बबल कॅनोपीवालं, म्हणजे डोक्यावर फुग्यासारखं पारदर्शक छत. तिघांच्या मालकीचं, मुक्काम अ‍ॅरिझोनात. लाइट स्पोर्ट हा त्याचा वर्ग अमेरिकेत २००४ साली आला. त्यात तेव्हा धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानाचं कमाल वजन ठरलं १३२० पौंड, म्हणजे ६०० किलो. एवढं हलकं विमान वाळवंटावर दुपारी नेलं की थर्मल्स (तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा) त्याला सुपातल्या दाण्यांसारखं पाखडतात. मांडीवरचा पट्टा घट्ट असला की बूड जागेवर राहतं. खांदे मात्र वर उचलले जातात आणि हेडसेटची दांडी कॅनोपीवर खाडकन आपटते. टॅक्सी, टेकऑफ आणि लँडिंगला पट्टा बांधलेला हवा, असा एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा) नियम आहे. आमचा बांधलेलाच असायचा, फक्त सर्किटमध्ये (उतरण्याआधीच्या धावपट्टीभोवतीच्या फेरीत) परत येईपर्यंत त्यात चार बोटं सहज जायची.

पट्टा नक्की कुठून सुटतोय हे शोधायला शिंप्याचा खडू कामी आला. पट्टा अ‍ॅडजस्टरमधून जिथे बाहेर येतो तिथे रेघ मारायची आणि उतरल्यावर बघायचं. (मार्कर पेन वापरू नका, शाईतल्या रसायनांचा धाग्यांवर काय परिणाम होईल याची खात्री नसते.) रेघ सरकलेली दिसली, म्हणजे मागचा अँकर (पट्टा विमानाला जिथे जोडलेला असतो ती जागा) आणि पुढचं बकल दोन्ही निर्दोष, घसरण अ‍ॅडजस्टरमध्येच. तो उघडून उन्हात धरला तेव्हा कारण समोरच होतं. पट्टा दाबून धरणाऱ्या आडव्या दांडीवर बारीक खाचा असतात. आमच्या दांडीच्या खाचा मधोमध झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. पट्टाही तिथे चकाकत होता आणि कडेला बोटाने चाचपला की बाकीच्या भागापेक्षा पातळ लागत होता. नायलॉन वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की कमकुवत होतं, आणि बबल कॅनोपीखाली सावली कुठली!

दुसरं कारण कोनाचं. या जातीचा अ‍ॅडजस्टर तिरका केला की सुटतो, सरळ ताणात धरतो. पट्टा सैल करायची सोय तीच असते. पण तो नेमका गळ्याच्या हाडावर आला, तर प्रत्येक धक्क्याला हाड त्याला खालून उचलतं आणि पट्टा दोरा-दोरा सुटत जातो. म्हणून नवे पट्टे शिवून घेताना अ‍ॅडजस्टर छातीवर, हाडाच्या बराच खाली येईल अशी मापं दिली. माझ्या मते निम्मा फरक याच बदलाने पडला.

पट्ट्यावर आडवी शिलाई मारून जाडी आणायची, हा उपाय हँगरमध्ये हमखास सुचवला जातो. करू नका. भार घेणाऱ्या पट्ट्यातून सुई घातली की धागे तुटतात, आणि गरज पडेल त्या दिवशी तो तिथेच फाटू शकतो. इनर्शिया रीलचाही (कारच्या पट्ट्यासारखी, झटका बसला की अडकणारी गुंडाळी) विचार झाला. फ्युएल व्हॉल्व्हपर्यंत वाकायला ती सोयीची, पण झटका बसेपर्यंत ती माणसाला मोकळं सोडते. डोक्यावर एवढीशी जागा असताना मला तरी न हलणारा पट्टाच बरा वाटतो.

आमचं विमान कारखान्यातून तयार आलेलं एसएलएसए (स्पेशल लाइट स्पोर्ट) आहे, त्यामुळे निर्मात्याच्या लेखी परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही. एक्स्पेरिमेंटल, म्हणजे प्रायोगिक, नोंदणी असलेल्यांना इथे बरीच मोकळीक आहे. पत्रव्यवहारात वेळ गेला. मग पट्टे शिवायला पाठवले, परत आल्यावर मेकॅनिकने बसवून लॉगबुकात नोंद केली. तोवर विमान जमिनीवर. ऑगस्ट असल्याने कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. त्या महिन्यात अ‍ॅरिझोनातही मान्सून असतो आणि दुपारनंतर वादळी ढग दाटतात.

आता वापराबद्दल. पॉलिएस्टरचा पट्टा सुरुवातीला ताठ होता, ओढून घट्ट करायला जोर लागायचा. नंतर सवयीने मऊ पडला. कड मानेला घासते, कॉलरचा शर्ट घातला की प्रश्न मिटतो. खडूची रेघ मी अजून अधूनमधून मारतो, ती हलत नाही. एक पथ्य मात्र नव्या पट्ट्यांनाही चुकत नाही: आधी मांडीवरचा पट्टा कमरेच्या हाडावर गच्च, मग खांद्याचे. उलट केलं तर बकल पोटावर चढतं आणि आपटल्यावर शरीर पट्ट्याखालून पुढे घसरू शकतं.

उजवी सीट मात्र अर्धवटच सुधारली. बायकोचे खांदे अरुंद, आणि मागचे दोन अँकर एकमेकांपासून लांब. पट्टा आता सैल होत नाही, पण बाहेरच्या बाजूला खांद्यावरून उतरतो. "अरे, गळाला बघ परत," हे इंटरकॉमवर अजून ऐकू येतं. खाली उशी देऊन तिला उंच बसवणं मला पटत नाही. खांदे अँकरच्या वर गेले की अपघातात पट्टा खाली ओढतो आणि तो भार मणक्यावर येतो. दोन्ही पट्टे छातीवर जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मिळतात, पण घाईत बाहेर पडताना सोडवायला ती आणखी एक गोष्ट. अँकर जवळ आणता येतील का, असं निर्मात्याला विचारलंय, उत्तर आलेलं नाही. तोवर हवा शांत असते त्या सकाळच्या उड्डाणांनाच ती येते.